टोकियो सोडायचं कधी, हा खरा प्रश्न

'किंग ऑफ टोकियो' या राक्षसांच्या, फासे टाकून खेळायच्या बोर्डगेममध्ये टोकियो शहरात शिरणं म्हणजे फुकटचा मार खाणं, बाहेरच बसावं, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही.

शिरताच १ गुण मिळतो, पुढच्या पाळीपर्यंत टिकलात तर आणखी २. शिवाय आतल्याच्या फाशावर पडलेला एक पंजा, म्हणजे मार, बाहेरच्या सगळ्यांना लागतो. आत असताना फाशावरच्या हृदयांनी जीव भरत नाही, ही त्याची किंमत. पण मार बसला की जागा सोडायची मुभा आपल्याला असते, आणि आपण सोडली तर मारणाऱ्याला आत यावंच लागतं, नको म्हणता येत नाही! दोन-तीन जीव उरलेल्याने पंजा मारला की मी लगेच बाहेर. तो आत अडकतो आणि त्याच्यावर आता सगळ्यांचा डोळा.

फोंड्याला आमच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीत, पावसाळाभर हाच खेळ रंगतो. तिथली मुलं आता पंजे फेकण्याआधी स्वतःचे जीव मोजतात, हे बघायला फार आवडतं. पाच-सहा जण असाल तर 'टोकियो बे' ही आतली दुसरी जागाही उघडते आणि दोघे आत असतात. ते एकमेकांना मारू शकत नाहीत, त्यामुळे बाहेरच्यांचे हाल जास्त.

तुम्ही किती जण खेळता? तिघेच असाल तर पाळी लवकर परत येते, मग बिनधास्त आत राहा.