आईच्या पोटाच्या बायपासला सहा वर्षं झाली. लोह, बी-१२ आणि खाल्ल्यानंतरची थरथर – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईसाठी विचारते आहे. ती ५८ वर्षांची आहे. कराडजवळच्या गावात ती आणि बाबा दोघंच असतात, मी नोकरीसाठी पुण्यात. २०१९ मध्ये पुण्यातच तिची वजनासाठीची गॅस्ट्रिक बायपास झाली. रू-एन-वाय प्रकारची, म्हणजे पोट लहान करून आतड्याचा रस्ताही बदलतात ती; नुसतं पोट लहान करणारी स्लीव्ह नव्हे. तेव्हा वजन ११८ किलो होतं, मधुमेह इन्सुलिनवर गेलेला आणि गुडघे इतके दुखायचे की जिना बसत बसत चढायची. आज वजन ७६ आहे, इन्सुलिन केव्हाच सुटलं, बाजारहाट स्वतः करते. ऑपरेशन केल्याचं आम्हाला समाधानच आहे. हे आधीच सांगते, म्हणजे "मुळात केलंत कशाला" या चर्चेत धागा वाहून जायला नको.

पहिली दीड-दोन वर्षं सगळं शिस्तीत चाललं. आहारतज्ज्ञ बाई फोन करायच्या, ठरलेल्या वेळी रक्त तपासलं जायचं. मग कोविड आला, सर्जन ते रुग्णालय सोडून गेले, फोन यायचे थांबले. गोळ्या एकेक करून बंद झाल्या. आईचं म्हणणं, "वजन उतरलं, साखर गेली, आता गोळ्या कशाच्या?" गावात तिला याचं उत्तर देणारं कुणी नव्हतं. पोटाची थैली लहान केली, अन्न आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जातं, आणि लोह मुख्यतः त्याच भागात शोषलं जातं, हे मलासुद्धा आता वाचून कळतंय. म्हणजे वजन स्थिरावलं तरी ही उणीव जन्मभर राहणार.

गेल्या वर्षभरात ती फार थकते. केस विरळ झालेत, पायाला मुंग्या येतात, आणि तांदूळ निवडताना कच्चे दाणे तोंडात टाकत बसते. रिपोर्ट असे आले: हिमोग्लोबिन ८.४, फेरिटिन (लोहाचा साठा) ५, बी-१२ १४२, ड जीवनसत्त्व ११, पीटीएच (हाडांतलं कॅल्शियम ओढणारं संप्रेरक) वाढलेलं. लोहाच्या गोळ्या तीन महिने घेतल्या, हिमोग्लोबिन जेमतेम हललं.

त्यात आता नवीन काळजी. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि दीड-दोन तासांनी दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. शेजारच्या काकूंनी साखरपाणी दिलं, बरं वाटलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. बाबांनी ग्लुकोमीटर लावला तर ५१! आमरस-पोळीनंतरही असंच झालं होतं, तेव्हा उन्हाचा त्रास समजून सोडून दिलं.

आमचे गावचे डॉक्टर खूप चांगले आहेत, कितीतरी वर्षं घरच्यासारखे. पण असा रुग्ण त्यांनी आधी पाहिलेला नाही. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.६ आलं, म्हणून साखर परत आली असं धरून त्यांनी ग्लिमेपिराइड लिहून दिलं आणि ग्लुकोज पिऊन करायची तपासणी सुचवली. साखर ५१ वर उतरत असताना साखर उतरवायची गोळी, हे मला पटेना. अजून सुरू केलेली नाही.

तर ही थरथर नक्की कशाची? गोळ्यांनी लोह वाढत नसेल तर पुढे काय करायचं? आणि उपासाचं काय करू? संकष्टी, सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, यातलं ती काहीही सोडणार नाही. तिच्या श्रद्धेवर बोट ठेवायची माझी इच्छा नाही. पण फराळाचं निम्मं ताट तिला सोसत नाही, हे तिच्याशी कसं बोलू? ज्यांची पाच-सात वर्षं उलटली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पहिल्या सहा महिन्यांची माहिती सगळीकडे मिळते, नंतरची मिळत नाही.

प्रतिसाद – कृष्णाकाठ

मी फिजिशियन आहे. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे हे तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवण्यासाठी लिहितोय.

ग्लिमेपिराइड सुरू केलं नाहीत हे उत्तम. बायपासनंतर पिठूळ किंवा गोड पदार्थ झपाट्यानं आतड्यात उतरतात, साखर एकदम चढते, त्यावर इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि एक ते तीन तासांत साखर कोसळते. याला उशिराचं डंपिंग म्हणतात, आणि ते ऑपरेशननंतर काही वर्षांनीही सुरू होऊ शकतं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून आणखी इन्सुलिन सोडवतं, म्हणजे आगीत तेल. ग्लुकोज पिऊन करायची तपासणीही नको, तिथेच त्रास होईल. आणि लोहाची कमतरता असताना एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतं, म्हणून ६.६ वर लगेच निदान करू नये. आठवडाभर उपाशीपोटी, जेवणानंतर आणि त्रास होईल त्या क्षणी ग्लुकोमीटरवर साखर बघून वहीत लिहा.

साखर उतरली की थोडीच साखर द्यायची, साधारण तीन चमचे, आणि बरं वाटल्यावर लगेच दही, पनीर किंवा मूठभर शेंगदाणे. नुसतं साखरपाणी पुन्हा पुन्हा दिलं तर तेच चक्र फिरत राहतं. आहार बदलूनही थांबलं नाही तर अकार्बोजसारखं औषध देता येतं, पण ते एंडोक्रायनॉलॉजिस्टनी (संप्रेरकांच्या तज्ज्ञांनी) ठरवावं.

फेरिटिन ५ आणि गोळ्यांना दाद नाही, म्हणजे लोह शिरेतून द्यावं लागेल. हे कराडातही होऊ शकतं, त्यासाठी पुणं गाठायला नको. मात्र पाळी थांबलेल्या बाईला इतका रक्तक्षय असेल तर सगळं बायपासवर ढकलून मोकळं होऊ नये. शौचातून रक्त जातंय का, थैली आणि आतडं जोडलंय त्या जागी व्रण आहे का, हे बघायलाच हवं. गुडघ्यांसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतात का, तेही विचारा. या ऑपरेशननंतर त्या गोळ्या वर्ज्य आहेत, त्यांनी व्रण होतो. पॅरासिटामॉल चालेल.

पायाला मुंग्या आहेत, तेव्हा बी-१२ ची इंजेक्शनं लगेच सुरू करा, गोळ्यांवर वेळ घालवू नका. नसांना झालेली इजा उशीर झाला तर पूर्ण भरून येत नाही.

आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पोटात अचानक जोराची कळ आली, उलट्या झाल्या, तर पित्त म्हणून घरी थांबायचं नाही. बायपासनंतर कित्येक वर्षांनीही आतल्या फटीत आतडं अडकू शकतं. सोनोग्राफी साफ आली तरी सीटी स्कॅन आणि सर्जनचं मत घ्यायचंच.

प्रतिसाद – भाकरतुकडा

ताई, माझी बायपास २०१५ ची. मीही शाकाहारी, आणि उपास करणारी. डॉक्टरांनी वर लिहिलंय त्यात भर घालते.

लोह आणि कॅल्शियम कधीही एकत्र घ्यायचं नाही, मध्ये किमान दोन तास हवेत. चहासुद्धा लोहापासून लांब. कॅल्शियम सायट्रेटच मागायचं. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं आणि आपल्या थैलीत ते फारसं नसतं. दुकानदार "सगळं सारखंच" म्हणत दुसरी पट्टी देतात, तेव्हा पट्टीवरचं नाव बाबांना वाचायला लावा.

ताटात आधी प्रथिनं: उसळ, पनीर, सोया वड्या, घट्ट वरण. मग भाजी, भाकरी शेवटी, जागा उरली तर. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासानं. रोज साठ ग्रॅम प्रथिनं नुसत्या वरण-भातावर कधीच होत नाहीत. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास मिळतात, यावरून अंदाज येईल. मी रोज व्हे (दुधातल्या प्रथिनांची) पावडर ताकात घुसळून घेते.

उपासाबद्दल माझा अनुभव असा की उपास सोडायला सांगितलं की घरात रुसवे होतात, पदार्थ बदलला की होत नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ भाग, तो मी पूर्ण बंद केला. वरईसुद्धा दोन-चार घासच. त्याऐवजी दही, पनीर, शेंगदाण्याची आमटी आणि राजगिऱ्याचं एखादं छोटं थालीपीठ. गुळाचा राजगिरा लाडू मात्र नको. हे सगळं उपासाला चालतंच, त्यामुळे आईंना काही मोडल्यासारखं वाटणार नाही. नवरात्रात दिवसभर निरंकार राहून रात्री एकदम खाणं मात्र थांबवा, त्यानं हमखास थरथर होते.

आणखी एक. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड लॅमिनेट करून त्यांच्या पिशवीत ठेवा, वर मोठ्या अक्षरात "पोटाची बायपास" लिहून. नुसतं बायपास म्हटलं की आपल्याकडे सगळे हृदयाची समजतात. माझा एकदा अपघात कक्षात ईसीजीच चालू झाला होता.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद छापून बाबांनी डॉक्टरांना नेऊन दाखवले. त्यांनी शांतपणे सगळं वाचलं, ग्लिमेपिराइड रद्द केलं आणि बी-१२ चं पहिलं इंजेक्शन तिथेच दिलं. लोहाच्या सलाईनसाठी कराडच्या फिजिशियनना त्यांनी स्वतः फोन केला. शौचाची तपासणी दिली आहे, दुर्बिणीचं त्यानंतर ठरेल.

डायक्लोफिनॅकचा प्रश्न नेमका निघाला. गुडघ्यांसाठी ती गावातल्या दुकानातून गोळ्या आणत होती आणि हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आता बंद.

आईला मी फक्त राजगिरा, दही आणि शेंगदाण्याच्या आमटीचं सांगितलं. ती म्हणाली, "मग हे आधी का नाही बोललात? साबुदाणा मला तसाही जड पडतो."

आता एकच अडलंय. वर्षातून एकदा सगळी रक्ततपासणी बघून औषधं ठरवून देणारं कायमचं कुणीतरी हवंय. दुसऱ्या सर्जननी ऑपरेशन केलेले रुग्ण घेणारे बॅरिअॅट्रिक (वजनाची ऑपरेशनं करणारे) सर्जन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट कोल्हापूर, सांगली, सातारा भागात कुणाला माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. व्हिडिओवर बघणारे असतील तरी चालेल. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी कराडच्या आसपास कुठे होते, तेही सांगा. पीटीएच वाढलंय म्हणून ती करून घ्या असं फिजिशियननी सुचवलंय.