पावसाची नोंद, ‘बीडीएल’ आणि रिकामा रकाना: खात्री नसलेला आकडा डेटाबेसमध्ये ठेवायचा कसा?

घटप्रभाकाठ (धागा सुरू करणारा)

बेळगाव, खानापूर, हुक्केरी भागातले काही शिक्षक, पदवीचे विद्यार्थी आणि शेतकरी मिळून आम्ही पावसाच्या, विहिरींच्या पातळीच्या आणि पाणी-तपासणीच्या नोंदी एकत्र करतोय. सध्या सगळं एक्सेलमध्ये आहे. माझं मत असं, की हे सगळं रिलेशनल डेटाबेसमध्ये, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत, न्यावं आणि नेताना आकड्यावर भरवसा किती ठेवायचा, हेही त्याच टेबलांत नोंदवावं. गटातल्या काहींना हे पटत नाही, म्हणून विषय इथं सगळ्यांपुढं मांडतोय.

आपल्या जिल्ह्याच्या सरासरीला काही अर्थ नाही. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीला पाऊस कोसळत असतो, तेव्हा त्याच जिल्ह्यातली अथणी आभाळाकडं डोळे लावून असते. म्हणून प्रत्येक ठिकाणची नोंद वेगळी जपायला हवी. आणि तिथंच शीट दगा देते. पावसाच्या एकाच रकान्यात आमच्याकडं काय काय आहे बघा: ‘०’, ‘-’, ‘थेंब’, ‘१२?’ आणि नुसती मोकळी जागा. मोकळी जागा म्हणजे पाऊस नव्हता, की कुणी बघायला गेलंच नाही, की मापक उलटून पडला होता? शीटला ते विचारता येत नाही.

याहून वाईट प्रकार रविवारचा. पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचायचा, हा हवामान खात्याचा नियम. शाळेतला मापक रविवारी कुणी वाचत नाही. सोमवारी वाचलेल्या ९६ मिलिमीटरमध्ये शनिवारी सकाळपासूनचं पाणी असतं, पण शीटमध्ये रविवार शून्य आणि सोमवार ९६. हवामान खातं चोवीस तासांतल्या ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला जोरदार म्हणतं आणि २.५ पासून पावसाळी दिवस धरतं. म्हणजे झालं काय, की कदाचित न झालेला एक जोरदार पाऊस आपण मोजला आणि झालेला एक पावसाळी दिवस गमावला. एकूण बेरीज मात्र बरोबर येते, म्हणून चूक कुणाच्या नजरेला येत नाही.

डेटाबेसमध्ये यावर सरळ उपाय आहे. नोंदीला ‘दिवस’ द्यायचाच नाही, कालावधी द्यायचा: कधीपासून कधीपर्यंत. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये २०१२ च्या ९.२ आवृत्तीपासून असा कालावधी हा डेटाचा स्वतंत्र प्रकारच आहे, आणि एकाच मापकाचे दोन कालावधी एकमेकांवर चढले तर नोंद नाकारायचा नियमही लावता येतो. शीटमध्ये तो नियम पाळायचं काम माणसाच्या आठवणीवर सोडलेलं असतं.

मार्कंडेय

कालावधीचा मुद्दा मान्य. बाकीच्याला माझा विरोध आहे आणि तो सवयीमुळं नाही.

रिलेशनल मॉडेल एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलं ते मोठ्या, अनेकांनी मिळून वापरायच्या डेटासाठी. बँक, गोदाम, पगारपत्रक. तिथं ओळ म्हणजे विधान: या खात्यात इतके रुपये आहेत. ते खरं असतं नाहीतर खोटं. मोजमाप असं विधान नसतं. ‘९६ मिलिमीटर’ हा अंदाज आहे आणि टेबल त्याला बँकेतल्या रुपयासारखंच वागवतं.

‘माहीत नाही’साठी एसक्यूएलने, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेने, काय दिलं? नल, म्हणजे रिकाम्या किमतीची खूण. आता तुमच्याच नोंदींवर चालवून बघा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्या एकदम वाढल्या. अशाच दिवसांत मापक वाहून जातात, वाचणारा पोचत नाही. म्हणजे ज्या दिवशी सर्वांत जास्त पाऊस, नेमकी त्याच दिवशीची नोंद नल. एसक्यूएलची बेरीज नल गाळून पुढं जाते, सरासरीही गाळते. महिन्याचा पाऊस कमी दिसतो आणि कुठंही इशारा येत नाही. ‘६४.५ पेक्षा जास्त’ आणि ‘६४.५ किंवा कमी’ अशा दोन क्वेरी (प्रश्न) चालवा, दोन्हींच्या ओळी मिळवा. एकूण ओळींशी जमणार नाहीत, कारण नल दोन्हींत बसत नाही. खुद्द कॉड यांनाही एक नल पुरेना. १९८६ साली त्यांनी दोन खुणा सुचवल्या: किंमत आहे पण माहीत नाही, आणि किंमत लागूच होत नाही. रिलेशनल मॉडेलवर लिहिणारे क्रिस डेट तर नलच नको म्हणत आले. ज्या पायावर बांधणाऱ्यांचंच एकमत नाही, त्यावर आपण पुराच्या नोंदी ठेवायच्या का?

माझा प्रस्ताव साधा आहे. मूळ फायली जशाच्या तशा राहू द्या, आणि गणित पायथॉन किंवा आर या प्रोग्रामिंग भाषांतल्या स्क्रिप्टमध्ये करा. गाळलेल्या नोंदींचं काय केलं, ते तिथं ओळीओळीत लिहिलेलं दिसतं.

प्रयोगशाळेतली अक्का

पाणी-तपासणीचा अनुभव आहे म्हणून बोलते. फ्लोराइडच्या रिपोर्टात ‘बीडीएल’ लिहिलेलं असतं, म्हणजे उपकरणाला दिसू शकेल त्या मर्यादेच्या खाली. ते शून्य नाही आणि ‘माहीत नाही’ही नाही. ती एक पक्की माहिती आहे: किंमत या आकड्यापेक्षा कमी आहे. नल घातलं तर ही माहिती फेकून दिल्यासारखं होतं, शून्य घातलं तर पाणी आहे त्याहून शुद्ध दिसतं. पुष्कळ ठिकाणी मर्यादेचा अर्धा आकडा घालतात. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले डेनिस हेल्सेल यांनी अनेक वर्षं या अर्ध्याच्या रिवाजाविरुद्ध लिहिलं आहे, कारण त्यातून डेटात नसलेलाच कल उभा राहू शकतो.

आणि ही मर्यादा प्रत्येक पद्धतीची, प्रत्येक प्रयोगशाळेची वेगळी. भारतीय मानक १०५०० प्रमाणे फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. जिची शोधमर्यादा ०.१ आहे आणि जिची ०.५ आहे, त्या दोघींचं ‘बीडीएल’ एकच कसं? म्हणून मला वेगवेगळे कॉलम हवेत: आकडा, ‘पेक्षा कमी’ची खूण, शोधमर्यादा, पद्धत. मार्कंडेय सर, तुमच्या स्क्रिप्टमध्ये हे होईलही, पण स्क्रिप्ट लिहिणारा पोरगा नोकरीसाठी पुण्याला गेला की त्याने ‘बीडीएल’चं काय केलं, हे विचारायचं कुणाला?

दूधगंगा

मी शेतकरी माणूस, निपाणीकडचा. तंबाखू, ऊस करतो आणि पावसाची वही वडिलांच्या काळापासून घरात आहे. तुमचं दोघांचं बोलणं वाचलं, पण एक विचारतो. सर्व्हर कोण सांभाळणार? प्रोजेक्ट संपलं, पोरं गेली, पासवर्ड हरवला. वही आहे तशी आहे की. आमच्याकडून घेतलेली माहिती परत आम्हाला वाचता येत नसेल, तर ती दिली कशाला?

घटप्रभाकाठ

दूधगंगा अण्णा, तुमचा प्रश्न सगळ्यांत आधी सुटला पाहिजे. सर्व्हर नकोच. एसक्यूलाइट म्हणून २००० सालापासूनचा डेटाबेस आहे, त्यात सगळी टेबलं एकाच फाइलमध्ये राहतात. पेन ड्राइव्हवर प्रत देता येते, पासवर्ड लागत नाही. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस डेटा दीर्घकाळ जपण्यासाठी ज्या स्वरूपांची शिफारस करते, त्यांत ते आहे. पोस्टग्रेससारखा कालावधीचा खास प्रकार त्यात नाही, पण ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन कॉलम आणि एक ट्रिगर (नोंद घालताना आपोआप चालणारी तपासणी) एवढ्यावर तो नियम बसतो.

उलट एक्सेलवरच माझा भरवसा कमी आहे. विहिरीची पातळी कुणी ‘३-५’ लिहिली, म्हणजे तीन ते पाच मीटर, की एक्सेल तिची तारीख करून टाकतं. अनिश्चितता प्रामाणिकपणे लिहिली, आणि तीच पुसली गेली. जनुकांच्या नावांचंही असंच व्हायचं. शेवटी २०२० साली मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीला काही नावंच बदलावी लागली.

मार्कंडेय सर, नलबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण नल का आलं याचा कॉलम शेजारी ठेवायला कुणी अडवलंय? ‘वाचलं नाही’, ‘मापक वाहून गेला’, ‘अक्षर लागत नाही’. आणि बेरीज थेट मूळ टेबलावर न करता व्ह्यूवर, म्हणजे साठवलेल्या क्वेरीतून दिसणाऱ्या टेबलावर, करायची. महिन्याच्या बेरजेशेजारी ‘किती तासांची नोंद आहे’ हेही तो व्ह्यू दाखवेल. ७४४ पैकी ६२४ तास असं समोर आलं, की वाचणारा स्वतःच थांबेल.

विज्ञानाचा डेटा यात बसत नाही, हेही मला मान्य नाही. स्लोन आकाश सर्वेक्षणाचा (दुर्बिणीने टिपलेल्या तारे-दीर्घिकांचा) कॅटलॉग आधी ऑब्जेक्ट डेटाबेस या वेगळ्या प्रकारात होता. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे आणि खगोलशास्त्रज्ञ अलेक्स सालाय यांनी तो रिलेशनल डेटाबेसमध्ये आणला, आणि २००१ पासून स्कायसर्व्हर या संकेतस्थळावर कुणालाही त्यावर एसक्यूएल चालवता येऊ लागलं. तिथं ताऱ्याच्या तेजस्वितेच्या कॉलमशेजारी तिच्या त्रुटीचा कॉलम आहे. शंकास्पद निरीक्षणांवर खुणा आहेत.

मार्कंडेय

स्लोनचं उदाहरण अर्धंच दिलंत. कॅटलॉग टेबलात गेला, मूळ प्रतिमांच्या फिट्स (खगोलशास्त्रातलं प्रतिमांचं स्वरूप) फायली फायलींतच राहिल्या. उपग्रहाकडून येणारी पावसाची जाळी नेटसीडीएफ या जाळीच्या डेटाच्या फाइल-स्वरूपातच असावी, तिची प्रत्येक चौकट ओळ करून टेबलात ओतू नये. एवढं लिहून घ्या.

पण माझी मुख्य हरकत त्रुटीच्या त्या कॉलमलाच आहे. समजा एका मापकाच्या १०० नोंदी आहेत, प्रत्येकीपुढं ±१ मिलिमीटर. त्रुटी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर बेरजेची त्रुटी ±१०. पण मापकाशेजारी आंब्याचं झाड वाढलंय आणि म्हणून तो रोजच कमी दाखवतो, असं असेल तर ±१००. दहापट फरक! आणि प्रत्येक ओळीत ±१ लिहिलेलं टेबल या दोन्ही परिस्थितींत अगदी सारखं दिसतं. अनिश्चितता ओळीत राहत नाही, ती ओळींच्या नात्यात असते.

यावर संशोधन झालेलं आहे. स्टॅनफर्डच्या ट्रायो प्रकल्पाने २००५ च्या सुमारास डेटा, त्याची खात्री आणि त्याचं मूळ हे तिन्ही एकाच व्यवस्थेत आणायचा प्रयत्न केला. त्याच्या आदल्या वर्षी दलवी आणि सुचिऊ या संशोधकांनी दाखवलं, की ओळींना संभाव्यता जोडल्या तर काही अगदी साध्या दिसणाऱ्या जॉइनचंही (टेबलं जोडणाऱ्या क्वेरीचंही) अचूक उत्तर काढणं संगणकाच्या आवाक्याबाहेर जातं. ओळी स्वतंत्र मानल्या तरी! आणि आपल्या ओळी स्वतंत्रही नाहीत.

घटप्रभाकाठ

“अनिश्चितता ओळींच्या नात्यात असते” हे वाक्य मला मनापासून पटलं, आणि म्हणूनच मी रिलेशनल म्हणतोय. नाती लिहून ठेवणं हेच तर या मॉडेलचं काम. मापकाचं टेबल वेगळं. त्यात कुठं बसवला, कधी तपासला, भोवती काय आहे. प्रत्येक नोंद फॉरेन कीने, म्हणजे मापकाच्या ओळखक्रमांकाने, मापकाला बांधलेली. आंब्यामुळं येणारी तूट मापकाच्या ओळीत एकदाच लिहायची. मग ती त्याच्या शंभर नोंदींना सामायिक आहे, हे जॉइनमधूनच कळतं. शंभर सुट्या फायलींत हे नातं कुठं दिसणार? ते फाइलच्या नावात नाहीतर कुणाच्या तरी डोक्यात असतं.

मार्कंडेय

दोन पातळ्यांपर्यंत ठीक. पण शेजारशेजारच्या मापकांवर ढग एकच असतो. १०० मापकांच्या ४९५० जोड्या होतात, त्यांचे परस्परसंबंध टेबलात भरणार का? ते मॉडेलचं काम आहे, स्क्रिप्टचं. आणि दुसरं, ± चा आकडा देणार कोण? आठवीतल्या मुलाला ‘तुझी त्रुटी किती’ असं विचारलं तर तो काहीतरी लिहील. असा अंदाजाने भरलेला ± नसलेलाच बरा, कारण पुढचा माणूस त्याला मोजलेला समजतो.

चिकोडी रोड

मध्येच बोलतो, पण हेही अनिश्चिततेतच येतं. एकच गाव सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यात मराठीत, आताच्या नोंदीत कन्नडमध्ये, लॅबच्या रिपोर्टात इंग्रजीत. कधी वाडीचं नाव, कधी ग्रामपंचायतीचं. नाव ही ‘की’, म्हणजे ओळीची ओळख, करू नका. पंचायत राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला गावाचा कोड घ्या आणि सगळी नावं वेगळ्या टेबलात ठेवा. कुठलं नाव कुठल्या कागदावरून आलं आणि जुळणी कुणी केली, तेही त्यातच लिहा. चुकीच्या गावाला जोडलेला आकडा ± ने दुरुस्त होत नाही.

प्रयोगशाळेतली अक्का

चिकोडी रोड दादांशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडं बाटलीवरच्या नावामुळंच निम्मे घोळ होतात.

मार्कंडेय सरांच्या ± वरही बोलते. मुलाला त्रुटी विचारूच नये. त्याला माहीत असतं तेच विचारावं: किती वाजता वाचलंस, पाणी सांडलं का, आधी कधी वाचलं होतं, मापक कुठला. हे सगळं तो खरं सांगू शकतो. आकडा किती डळमळीत आहे, ते नंतर जाणकाराने यावरून काढावं आणि पद्धत सुधारली की पुन्हा काढावं. ± हा मूळ डेटा नव्हेच, तो आपण काढलेला निष्कर्ष.

घटप्रभाकाठ

अक्कांनी माझं म्हणणं माझ्याहून नेमकं मांडलं. मूळ टेबलात कारणं राहतील. ± वेगळ्या टेबलात राहील, कुठल्या स्क्रिप्टच्या कुठल्या आवृत्तीने काढला या नोंदीसह. जोड्यांचे परस्परसंबंध स्क्रिप्टमध्येच काढू, त्यावर माझा वाद नाही.

मार्कंडेय

असं असेल तर माझी अट एकच. मूळ टेबलावर कुणी थेट बेरीज करू नये. एसक्यूलाइटमध्ये वापरणाऱ्यागणिक परवानगी देता येत नाही, म्हणून मूळ टेबलांची फाइल वेगळी आणि वाटायची फाइल वेगळी ठेवा. वाटायच्या फाइलमध्ये तासांसकट बेरीज. आणि जुन्या वह्यांबद्दल माझी शंका कायम आहे. तिथं वेळ नाही, मापक कुठला ते नाही, कारणं तर नाहीतच. त्या नोंदी आजच्या नोंदींच्या टेबलात घातल्या तर महिनाभरात कुणीतरी दोन्हींचा एकच आलेख काढेल. त्या बाहेरच राहाव्यात.

दूधगंगा

बाहेर कशाला, सर? वडील रोज सकाळी दूध घालून आले की वाचायचे, मापक गोठ्यामागं होता. मला माहीत आहे, आईला माहीत आहे. अजून आम्ही आहोत तोवर येऊन विचारा, लिहून घ्या, आणि ‘मुलाने सांगितलं’ असंही लिहा. प्रत्येक पानाचा फोटो काढून त्या त्या ओळीला जोडा, म्हणजे तुम्हाला शंका आली तर अक्षर बघता येईल. चुलत्यांची वही हुक्केरीला आहे, तीही मिळवून देतो.

मार्कंडेय

मापक गोठ्यामागं होता, तर छपराचा आडोसा किती होता, तेही विचारायला हवं. जुन्या वह्यांचं टेबल वेगळं ठेवणार असाल, तर मी प्रश्नांची यादी करून देतो.