फुटपाथवरची झाडं चार वर्षांत का वाळतात?

प्रश्न
रस्त्याकडेला लावलेली झाडं दोन-तीन वर्षं जोमात वाढतात, मग शेंड्याकडून वाळत येतात. खड्डे 1 × 1 × 1 मीटर, भोवती पेव्हर ब्लॉक. पाणी, शेणखत वेळेवर. जात बदलायची का?

मूळमाती
जात बिचारी काय करणार! 1 घनमीटर माती मुळं लवकरच व्यापतात. पुढे रोलरने दाबलेला भराव, त्यात हवाच नाही. मध्यम झाडाला 10–15 घनमीटर जागा हवी. आधी दीड फूट उकरून माती हुंगा. निळसर-करडी आणि सडक्या अंड्याच्या वासाची असेल तर पाणी तुंबतंय. तिथे पाणी वाढवलंत तर मुळं कुजतील.

खडीकाम
वरून लोक चालणार असतील तर दगडी थर करा. सुटे खड्डे नकोत, सलग चर घ्या. 100–150 मिमीचे, कच (दगडाचा बारीक चुरा) नसलेले दगड 25–30 सेंमीच्या थरांनी भरायचे. प्रत्येक थर आधी दाबायचा, मग त्यावर माती पसरून पाण्याच्या फवाऱ्याने फटींत उतरवायची. माती आधी घालून दाबलीत तर सगळं मुसळ केरात. शेवटी 32–63 मिमी खडीचा मोकळा थर, तो हवेसाठी. त्यावर जिओटेक्स्टाइल, मग ब्लॉकचा पाया. हे कापड घालायचं राहिलं की कच खाली झिरपते आणि ब्लॉक खचतात.

हिशेबी
दगडांतल्या फटी साधारण एकतृतीयांश, म्हणजे 15 घनमीटर चरात माती जेमतेम 5. निविदेत दोन्ही आकडे वेगळे लिहा, नाहीतर वाद ठरलेला. पावसाचं पाणीही चरात घ्या: 100 चौरस मीटरवर 20 मिमी पाऊस म्हणजे 2000 लिटर. जादा पाण्याला गटाराची वाट ठेवा.

खर्च डोळ्यांत भरतो खरा, पण तुलना करताना मेलेलं झाड काढणं, नवं लावणं, टँकर आणि पुन्हा ब्लॉककाम हे सगळं धरा. स्टॉकहोममध्ये 2017 पासून बागांच्या कचऱ्याचा बायोचार (कमी हवेत तापवून केलेला कोळसा) करतात. त्यातली उष्णता घरं तापवायला जाते आणि बायोचार झाडांच्या खड्ड्यांत. एकाच कचऱ्यातून दोन गोष्टी मिळतात.

प्रश्नकर्ता
बायोचार थेट टाकला तर?

मूळमाती
नको. कोरा बायोचार मातीतलं नत्र धरून ठेवतो, पानं पिवळी पडतात. कंपोस्टमध्ये मिसळून, ओला ठेवून काही आठवडे मुरवा. शिवाय कोरडा हलका असतो. फवारा मारलात की तरंगत वर येतो.