विहारात नारळ फुटला. पूजा की आचरण?

वरळीकर
जयभीम मंडळी. गेल्या रविवारी आमच्या चाळीतल्या विहारात वंदना संपल्यावर शेजारच्या काकूंनी पिशवीतून नारळ काढला. मुलाला हव्या त्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली होती. ॲडमिशनची पावती मूर्तीपुढे ठेवली, नारळ उंबऱ्यावर फोडला आणि खोबरं वाटलं. कोणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. खोबरं मात्र खाल्लं.

वर भिंतीवर १९५६च्या धम्मदीक्षेत बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांची फ्रेम आणि तिच्याखाली हा नवस! बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये स्वच्छ लिहिलंय, बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. वाट दाखवणाऱ्याला नारळ देऊन काय होणार, चालायचं तर आपल्यालाच आहे ना? माझं मत विचाराल तर विहारात पंचशील, वर्षावासात ग्रंथवाचन आणि पोरांची अभ्यासिका एवढंच ठेवा. हार, अगरबत्ती, मेणबत्ती, सगळं बंद.

शीलवंत
एकदम बरोबर. बुद्धांच्या शेवटच्या दिवसांचं महापरिनिब्बान सुत्त वाचा. कुसिनारेत सालवृक्षांखाली तथागत शेवटचे पहुडले होते आणि ऋतू नसताना फुललेली फुलं अंगावर पडत होती. तेव्हा त्यांनी शिष्य आनंदाला सांगितलं की हा खरा सन्मान नव्हे, जो धम्माप्रमाणे वागतो तो माझी खरी पूजा करतो. आमच्याकडे 'सुरामेरय' हे दारू न पिण्याचं शील सगळ्यात खड्या आवाजात म्हणणारे गृहस्थ शनिवारी रात्री कुठे सापडतात, ते सगळ्या गल्लीला माहीत आहे.

चेंबूरची मावशी
वरळीकर दादा, नारळ चुकलाच. पण नारळासोबत फुलं कशाला बाहेर काढता?

माझी आई शाळेची पायरी चढली नाही, पण पाली गाथा तिला तोंडपाठ. फूल वाहताना आपण म्हणतो काय? 'पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं.' हे फूल कोमेजतं तसा हा देहही नाशाकडे जातो. यात मागणं कुठे आलं? दादा गेले (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो), तेव्हा पाचव्या दिवशी आईने गॅलरीतली तगरीची फुलं नेहमीसारखी वाहिली. संध्याकाळी तपकिरी पडलेली फुलं ओंजळीत गोळा करून माझ्यापुढे धरली. बोलली काहीच नाही. अनित्य म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. भाषणं त्याआधी ढीगभर ऐकली होती.

आणि शीलवंत सर, त्याच सुत्तात लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुसिनारा ही चार ठिकाणं श्रद्धेने पाहावीत असंही सांगितलंय. अर्धं सुत्त नका सांगू.

इगतपुरी रिटर्न
दहा दिवस विपश्यनेला मौनात बसा, मग वाद घाला. गोराईच्या पॅगोडात आठेक हजार माणसं एकही खांब न लावलेल्या घुमटाखाली ध्यानाला बसू शकतात. ही वास्तू साधनेसाठीच बांधली, पण बुद्धधातू, म्हणजे बुद्धांचे अवशेष, तिथेही जपलेत. श्रद्धा आणि साधना एका छताखाली नांदतात की!

शीलवंत
डोळे मिटून बसल्याने आमच्या नळाला पाणी येत नाही. धम्म दोन माणसांच्या वागण्यात असतो. मावशींचा मुद्दा मात्र मान्य, चार ठिकाणं मी गाळली.

लेणीवाला
कान्हेरीला जाऊन या, बोरिवली स्टेशनपासून फार लांब नाही. तिसऱ्या लेण्यातल्या सातवाहनकालीन चैत्यगृहात पूजेसाठी फक्त स्तूप आहे. बाहेर व्हरांड्यात समोरासमोर दोन प्रचंड बुद्धमूर्ती दिसतात, त्या काही शतकं नंतरच्या. पुढे ९० नंबरच्या लेण्यात जा. तिथे अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व आहे आणि भोवती संकटात सापडलेली, त्याचा धावा करणारी माणसं कोरलीत. सोपारा, कल्याणच्या बंदरांतून माल नेणाऱ्यांना बुडण्याची भीती नसेल का? ॲडमिशनची भीती त्याच घराण्यातली. वरळीकर, तुमच्या काकू नवीन काही करत नाहीयेत.

वरळीकर
जुनं आहे म्हणून बरोबर होत नाही. आपण १९५६ला नागपुरात धावा करायला गेलो नव्हतो, धावा सोडायला गेलो होतो.

फुलांचं मात्र मागे घेतो, मावशी. ती गाथा लहानपणापासून म्हणतोय, अर्थ कधी विचारला नव्हता. अगरबत्तीचं मागे घेणार नाही. खोली दहा बाय बाराची, त्यात दोघांना दमा.

काल काकूंशी बोललो. घर १६० चौरस फुटांचं, माणसं सात. पोरगा दोन वर्षं विहारातच अभ्यासाला बसायचा, रात्री बारापर्यंत. म्हणाल्या, "लाइट विहाराचा, पंखा विहाराचा, मग पेढे-नारळ कुणापुढे ठेवू?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. म्हटलं, काकू, पुढच्या वेळी नारळाऐवजी विहाराला एक ट्यूब द्या, कोपऱ्यातली कधीची फडफडतेय.

त्या आत गेल्या आणि खोक्यातली नवी ट्यूब घेऊन आल्या. "नारळाच्याच दिवशी आणलीय. लावणार कोण? शिडी आहे का तुझ्याकडे?"