जुनी पद्मिनी आणि महागलेले पेट्रोल

प्रश्न : मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने लिटरमागे १०० रुपयांचा टप्पा ओलांडल्यापासून माझी प्रीमियर पद्मिनी क्वचितच बाहेर निघते. गाडी न विकता खर्च कसा आवरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : कार्ब्युरेटर (इंजिनात जाणारे हवा आणि पेट्रोलचे मिश्रण तयार करणारा भाग) साफ करून ते मिश्रण नीट लावून घ्या, कारण त्यात पेट्रोल जास्त झाले की बरेचसे न जळताच धुरावाटे वाया जाते. टायरमधील हवाही तपासा.

उत्तर २ : सहमत, मात्र २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप खराब होऊ शकतात, म्हणून ते आधी बदलावेत. सीएनजी किट मी तरी बसवणार नाही. गाडीचे मूळ रूप जपणे मला अधिक मोलाचे वाटते.

उत्तर ३ : बचतीसाठी गाडी महिनोन्महिने उभी मात्र ठेवू नका, बॅटरी उतरते.