गेमिंग राउटरवर पंधरा हजार घालण्याआधी केबलवाल्याला गाठा

विजापूरवेस

आमच्या खेळणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत असतो : पीएस ५ (प्लेस्टेशन ५) साठी कुठला मोडेम, कुठला राउटर? मग कुणीतरी अमेरिकेतल्या यूट्यूबरचा व्हिडिओ चिकटवतो. टीव्हीच्या केबलवरून नेट आणायच्या डॉक्सिस ३.१ पद्धतीचा मोडेम, शेजारी आठ अँटेनांचा राउटर, खाली खरेदीची लिंक. माझं मत असं की सोलापुरात राहून मोडेम स्वतः विकत घेऊ नये, आणि खोक्यावर 'गेमिंग' लिहिलेला राउटर तर नकोच.

घरात टीव्हीची काळी कोॲक्स वायर आलेली असते, बिल केबलवाल्याच्या हातात देतो, म्हणून आपण 'केबलचं नेट' म्हणतो. पण त्या वायरीतून बहुतेक घरांत नुसता टीव्ही येतो. नेट येतं फायबरवरून, नाहीतर गच्चीवरच्या स्विचमधून उतरलेल्या लॅनच्या वायरीवरून. डॉक्सिस मोडेम चालायला केबलवाल्याच्या टोकाला सीएमटीएस नावाचं यंत्र लागतं. ते नसेल तर मोडेम दिवे लुकलुकवत बसणार, दुसरं काही नाही. फायबर असेल तर लागतो ओएनयू, म्हणजे फायबरचं नेट घरात उतरवणारा डबा. तोही ऑपरेटरच्या यंत्राशी जुळावा लागतो. जीपॉन आणि ईपॉन या फायबरच्या दोन वेगळ्या पद्धती; जीपॉनच्या लाइनवर निव्वळ ईपॉनचा डबा चढत नाही.

दुसरं म्हणजे खेळायला वेग लागतच नाही. गोळ्या झाडताना जाणारा-येणारा डेटा किरकोळ असतो. १०० जीबीचा गेम उतरवायला १०० एमबीपीएसवर सव्वादोन तास लागतील, ३०० वर पाऊण तास, एवढाच फरक. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, अंतरावर ठरतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर पळतो. मुंबई-सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद तिथेच गेले. सर्व्हर सिंगापूरला असेल तर आठ काय, ऐंशी अँटेना लावा.

तिसरं, नॅट, म्हणजे अनेक यंत्रांनी बाहेरचा एकच पत्ता वाटून घेणं. पीएसवर टाइप ३ किंवा एक्सबॉक्सवर स्ट्रिक्ट दिसलं की लोक राउटर बदलतात. आधी राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात : अख्ख्या चाळीला एकच पत्रपेटी. आपल्या राउटरमध्ये पोर्ट उघडून मग काहीच होत नाही. तिथे कामाला येतो तो केबलवाल्याकडून घेतलेला पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा पत्ता.

होटगीरोड

मोडेमचं मान्य. राउटरचं साफ अमान्य.

पिंग अंतरावर ठरतो हे अर्धं खरं. रिकाम्या लाइनवर ठरतो. माझ्या घरी संध्याकाळी आठला वडिलांचा मोबाइल फोटो वर चढवतो, बहिणीचा व्हिडिओ कॉल चालू, दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्र वेगळंच. त्या वेळी सगळी पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, डब्याच्या रांगेत साचतात आणि मुंबईच्या सर्व्हरचा पिंग मिलिसेकंदात नाही, हेलकाव्यात मोजावा लागतो. याला बफरब्लोट म्हणतात. त्याचं औषध राउटरमध्येच आहे : एसक्यूएम, म्हणजे रांग शहाणपणाने हाताळणं, त्यातही केक किंवा एफक्यू-कोडेल या पद्धती. लाइनच्या खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर मर्यादा बांधायची, की रांग राउटरच्या ताब्यात येते आणि खेळाचं छोटं पाकीट मोठ्या अपलोडमागे अडकत नाही.

ऑपरेटरने दिलेल्या फुकट डब्यात ही सोय मला तरी सापडलेली नाही. त्यामुळे 'राउटरने काही होत नाही' हे वाक्य ज्याच्या घरात एकटाच माणूस नेट वापरतो त्याने म्हणावं.

कडकभाकरी

दोघंही लांबण लावताय बे. लॅनची वायर टाका आणि गप खेळा.

पीएस ५ ला गिगाबिटचं (१,००० एमबीपीएसचं) पोर्ट आहे, एक्सबॉक्स सिरीज एक्स-एसला आहे. निन्टेंडो स्विचच्या ओएलईडी मॉडेलच्या डॉकला आहे; जुन्या निन्टेंडो स्विचला तेवढा यूएसबीचा ॲडाप्टर लागतो. आमच्या पेठेतल्या जुन्या घरात दगडी भिंत हातभर जाड. ५ गिगाहर्ट्झ पहिल्या भिंतीलाच दम सोडतं आणि २.४ वर अख्ख्या गल्लीचा गोंगाट. जुना पहिला पीएस ४ ज्यांच्याकडे आहे त्यांना तर ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. त्यांनी वाय-फाय ६ चा राउटर आणून उपयोग काय?

कॅट ५ई प्रकारची लॅनची वायर पुरते. फक्त दुकानदाराला शुद्ध तांब्याची आहे का विचारा, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर मिळते ती नको. आणि आठही तारा जोडून घ्या. चारच जोडल्या तर १०० एमबीपीएसवर अडकेल.

टेक्सासवाला_सोलापूरकर

त्या अमेरिकेतल्या व्हिडिओंबद्दल इथून, टेक्सासमधून सांगतो, कारण ते खोटे नाहीत, फक्त इथले आहेत. इथे बऱ्याच घरांत कोॲक्सवरूनच नेट येतं. कंपनीच्या डब्याला बरेचदा महिन्याला भाडं पडतं, म्हणून लोक स्वतःचा मोडेम घेतात. पण 'कुठलाही' नाही बरं का! प्रत्येक कंपनीची मंजूर मॉडेलांची यादी असते, मोडेमचा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) त्यांच्याकडे नोंदवावा लागतो, आणि त्यातलं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअरही कंपनीच ढकलते, आपल्या हातात नसतं.

खेळणाऱ्यांनी चिप बघायची ती २०१६ च्या शेवटच्या सुमारास गाजलेल्या प्रकरणामुळे. इंटेलच्या प्यूमा ६ चिपचे मोडेम वेगाच्या चाचणीत झकास दिसायचे, पण मधूनच पिंग उसळायचा. अॅरिसचा एसबी ६१९० त्यातलाच. कागदावर त्याच्याहून हलका असलेला, ब्रॉडकॉम चिपचा एसबी ६१८३ खेळायला बरा ठरला. आणि डॉक्सिस ३.१ घ्या म्हणतात त्यामागे वेगापेक्षा मोठं कारण आहे : त्या मोडेममध्ये अपलोडची रांग आवरणारी पाय (PIE) नावाची पद्धत असणं बंधनकारक आहे. म्हणजे होटगीरोड म्हणतात तोच मुद्दा, फक्त तिथे तो मोडेमच्या पोटात सोडवलाय.

विजापूरवेस

टेक्सासवाले, हे उत्तम. पण यातून माझंच म्हणणं निघतं की ओ. तिथे यादी कंपनी ठरवते, इथे केबलवाला ठरवतो. बाजारात आधी जायचंच नाही.

होटगीरोड, बफरब्लोट नाकारत नाही. पण तुमचं औषध महाग पडतं. केक चालवताना पाकिटांचं काम राउटरच्या प्रोसेसरवर येतं, काम हलकं करणारा हार्डवेअरचा आडमार्ग बंद होतो. स्वस्त राउटर ३०० च्या लाइनवर तिथेच धापा टाकतो. म्हणजे एक तर महाग घ्या, नाहीतर वेग सोडा.

होटगीरोड

सोडा ना वेग! खेळायला लागतच नाही हे तुम्हीच वर लिहिलंय. १०० चा प्लॅन ठेवा, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मोफत सॉफ्टवेअर) चढणारा चार-पाच हजारांचा राउटर घ्या, ९० वर बांधा. पंधरा हजारांच्या लाल दिव्यांच्या राउटरची वकिली मी करत नाहीये. त्यातल्या पुष्कळांमध्ये 'गेम मोड' म्हणजे नुसतं एक बटण असतं, आत काय चालतं ते कुणाला ठाऊक.

केबलऑफिसातला

नाव सांगत नाही, गावात धंदा आहे. सगळे केबलवाल्याला गाठा म्हणताय तर आमची बाजूपण ऐका.

एक, बाहेरून ओएनयू आणू नका. जीपॉनमध्ये डब्याचा सिरियल नंबर आमच्या ओएलटीवर, म्हणजे आमच्या टोकाच्या यंत्रावर, चढवावा लागतो. दोन्हींवर चालणारे एक्सपॉनचे डबे मिळतात, पण नोंदणीशिवाय तेही मुके. शिवाय आमच्याकडे पुष्कळ घरांत एकाच फायबरवर टीव्ही आणि नेट दोन्ही जातं. नेट उतरताना १४९० नॅनोमीटर, चढताना १३१०, टीव्ही १५५० वर. डब्याला मागे कोॲक्सचं गोल तोंड असतं ते त्याच्यासाठी. साधा डबा लावलात तर तुमचा गेम चालेल आणि घरात मालिका बंद. मग फोन आम्हालाच येतो. हिरव्या टोकाची वायर निळ्या तोंडात खुपसू नका, तेपण सांगून ठेवतो. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, नीट बसत नाही, सिग्नल पडतो.

दोन, पब्लिक आयपी आम्ही अडवून ठेवत नाही. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते संपलेत, विकत घ्यावे लागतात. जो मागतो त्याला जादा पैशांत मिळतो. सगळ्यांना द्यायचा झाला तर महिन्याचं बिल तुम्हालाच झेपणार नाही.

तीन, राउटर खुशाल स्वतःचा लावा. आम्हाला फोन करून ओएनयू ब्रिज मोडला टाकून घ्या, म्हणजे तो नेट नुसतं पुढे देतो, आणि पीपीपीओईचं, म्हणजे नेटच्या लॉगिनचं, युजरनेम-पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये भरा. लोक हे न करता डब्याच्या मागे दुसरा राउटर लावतात, दोनदा नॅट होतं आणि शिव्या आम्हाला.

विजापूरवेस

हे तुम्ही फोनवरपण इतकंच नीट सांगत जा की ओ. 'बंद करून चालू करा' याच्या पुढे गाडी जात नाही, तुमच्याच नाही, सगळ्यांच्याच ऑफिसात.

पब्लिक आयपीबद्दल थोडं. सगळ्यांनी घ्यायची गरज नाही. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर चालणाऱ्या खेळात टाइप ३ असूनही सामना होतो. अडतं ते मित्राच्या पार्टीत शिरताना, आवाज पोचताना. टेकनसारखा खेळ जिथे दोन कन्सोल थेट एकमेकांशी बोलतात तिथे मात्र बरेचदा नडतं. एक्सबॉक्सवाल्यांनी आधी विचारावं, आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालू करून मिळेल का. एक्सबॉक्सला ते चालतं आणि फुकटात काम होऊ शकतं.

जुळेसोलापूर_ताई

मी खेळत नाही, मुलगा खेळतो. नववीत आहे. भाड्याचं घर, भिंतीला भोक पाडू देत नाहीत, डबा हॉलमध्ये आणि पीएस ५ आतल्या खोलीत. चार हजारांच्या वर जाणार नाही. वरचं सगळं वाचलं, निम्मं कळलं. वायर का राउटर, एक सांगा.

कडकभाकरी

ताई, वायर. दाराच्या चौकटीवरून पट्टीत बसवून न्या, भोक लागत नाही. फक्त गॅलरीतून किंवा गच्चीवरून फिरवू नका. आपल्या उन्हात घरातल्या वायरीचं कवच तडकतं, आणि मे महिन्यात वळवाच्या विजा कडाडल्या की बाहेरून आणलेल्या तांब्याच्या वायरीतून झटका येऊन पोर्ट जळतं. पीएसचंपण जळू शकतं.

होटगीरोड

ताई, वायर घ्याच, पण उरलेल्या पैशांत राउटर बघा. वायरीने वाय-फायचा त्रास जाईल. तुम्ही मोबाइलवर व्हिडिओ चढवत असताना तो 'आई, नेट बंद कर' ओरडतो ते जाणार नाही.

विजापूरवेस

चार हजारांत ते होणार नाही, उगाच भरीस घालू नका. ताई, वायर टाकून उरले तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. लाइट गेली की टीव्ही-पीएस बंदच होणार, पण डबा चालू राहिला तर मोबाइलवरचा अभ्यास तरी थांबत नाही. घेण्याआधी डब्याच्या ॲडाप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या.

होटगीरोड

यूपीएसचा आणि पिंगचा काय संबंध? विषय राउटरचा चाललाय.

केबलऑफिसातला

ताई, डब्याच्या खाली स्टिकर आहे, त्याचा फोटो काढून तुमच्या केबलवाल्याला पाठवा आणि विचारा, लॅनची पोर्टं गिगाबिट आहेत का. काही डब्यांत एकच पोर्ट गिगाबिट असतं आणि बाकीची १०० वाली. वायर त्या एका पोर्टात लावायची. डबा जुना असेल तर बदलून मागा, बरेच जण देतात.

जुळेसोलापूर_ताई

फोटो पाठवला. स्टिकरवर ईपॉन लिहिलंय, पोर्ट दोनच आहेत आणि एकात कॅमेऱ्याची वायर. आता कॅमेरा काढायचा का?

कडकभाकरी

नाही ओ. कॅमेऱ्याला शंभर पुष्कळ. तो संथ पोर्टात टाका, पीएस गिगाबिटमध्ये.