नळी बदलण्याआधी दस्ता तपासावा

गोळ्या विखुरतात म्हणून ०.२२ कॅलिबरच्या बोल्ट-अ‍ॅक्शन (हाताने बोल्ट मागे-पुढे करून काडतूस भरायच्या) रायफलीची नळीच बदलावी, असे मत मांडले जाते; ते मला घाईचे वाटते. ५० मीटर स्पर्धेच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो, आणि तेवढी चूक होण्यास अ‍ॅक्शन, म्हणजे काडतूस भरण्या-उडवण्याची यंत्रणा, लाकडी दस्त्यात नीट न बसणेही पुरते.

सांगलीत पावसाळ्यात कृष्णाकाठची हवा इतकी दमट होते की, आतून लेप न दिलेले लाकूड फुगते, नळीला एका बाजूने टेकते आणि उन्हाळ्यात जुळवलेला नेम सरकतो. नळी दस्त्याला न टेकता मोकळी ठेवलेली असेल, तर कागदाची पट्टी तिच्याखालून विनाअडथळा सरकली पाहिजे. त्यानंतर अ‍ॅक्शन दस्त्याला जोडणारा पुढचा स्क्रू हळूहळू सैल करताना नळीचे टोक दस्त्यापासून हलते का, हे सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या डायल गेजवर पाहावे. ते ठळकपणे हलले, तर अ‍ॅक्शनवर ताण आहे, आणि इपॉक्सीचे बेडिंग (अ‍ॅक्शन नेमकी बसावी म्हणून दस्त्यात इपॉक्सीचा थर देणे) हाच त्यावरचा खरा उपाय आहे. स्क्रू दर वेळी टॉर्क पान्याने सारख्याच ताणाने आवळावेत, हे मी आग्रहाने सांगेन.

नळीच्या तोंडाची कडा दुखावली असल्यास गोळीमागचा वायू असमान सुटतो. म्हणून साफसफाईची सळई मागूनच घालावी. काडतुसांचे निरनिराळे लॉटही (एकाच खेपेत बनलेले गट) ताडून पाहावेत.

दुरुस्ती मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी.